दोन गाण्यांच्या मधला ड्रमर

सन्माननीय अध्यक्षा, निवृत्त मुख्याध्यापिका आनंदीबाई भोईर मॅडम. प्रमुख पाहुणे, मानकोलीचे गोदाममालक आणि आजच्या जेवणाचे यजमान मनोजशेठ केणी. आजचे सत्कारमूर्ती, आमचे धम्मपाल रोकडे. त्यांच्या पत्नी वनितावहिनी, पुण्याहून मुद्दाम आलेली त्यांची कन्या निशा. डंकन हॉलरॉइड रसिक मंडळ, भिवंडी, या संस्थेचे आजी, माजी आणि रुसलेले सभासद. आणि जेवणाच्या निमित्ताने का होईना, पण वेळेवर हजर झालेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी हिरामण तरे, मंडळाचा चिटणीस. मला दोन कामं सांगितलेली आहेत. पहिलं, धम्मपालभाऊंबद्दल चार शब्द बोलायचे. ते उद्या बिऱ्हाड घेऊन लेकीकडे पुण्याला चाललेत, कायमचे. दुसरं, या टेबलावर जी गिटार ठेवली आहे, ती त्यांनी मंडळाला भेट दिली आहे, तिचा आपल्या वतीने स्वीकार करायचा. मनोजशेठनी तिच्यासाठी काचेचं कपाटसुद्धा करून आणलंय. कपाट सुंदर आहे. आत बल्ब आहे. पहिलं काम मी आनंदाने करतो. दुसऱ्याचं आपण पुढे बघू.

समोर काही नवीन चेहरे दिसतात. त्यांना प्रश्न पडला असेल, हे डंकन हॉलरॉइड कोण? लाजू नका. हा प्रश्न अख्ख्या तालुक्याला पडून झालाय. डंकन हॉलरॉइड म्हणजे विलायतेतले फार मोठे गिटारवादक. केस खांद्यापर्यंत, दाढी छातीपर्यंत. मंडळाच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, त्याला आम्ही दर वाढदिवसाला हार घालतो. एकदा गणेशपुरीला निघालेलं एक कुटुंब पत्ता विचारायला आत आलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, फोटोला हात जोडले आणि विचारलं, "बाबांचा मठ कुठे आहे?" आमच्या एका सभासदाने त्यांना अंगाराही दिला. कुठून दिला, ते मी सभेत सांगणार नाही.

आणि पंचाहत्तरीचा तो बॅनर! आपल्याकडे वाढदिवस म्हटला की नाक्यावर बॅनर हा लागलाच पाहिजे. आम्हीही काल्हेर नाक्यावर लावला. 'मा. श्री. डंकनभाऊ हॉलरॉइड यांना अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. यंत्रमागावरचा एक लूमवाला कामगार ड्युटीवरून सुटून बराच वेळ त्या बॅनरखाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाई, ये किस वार्ड से खड़े हैं?" मी म्हटलं, "ये खड़े नहीं हैं, ये बजाते हैं." तो म्हणाला, "तो फिर जीतेंगे नहीं." असो.

आता हे विलायती गृहस्थ भिवंडीत आले कसे? ते आणले मनोजशेठनी. मनोजशेठ तेव्हा शेठ नव्हते, दुबईला नोकरीला होते. तिथल्या साहेबाने त्यांना एक कॅसेट दिली. 'टिन चॅपल', डंकनभाऊंचा पहिला अल्बम. शेठ सुट्टीवर आले ते कॅसेट घेऊन थेट धम्मपालभाऊंच्या दुकानात, कारण भिवंडीत कॅसेट भरून देणारं विश्वासाचं दुकान ते एकच. पण शेठची अट होती की मूळ कॅसेट दुसऱ्या दिवशी परत पाहिजे. शेठ आजही गोदाम भाड्याने देताना असेच वागतात. हसू नका शेठ, कौतुक करतोय.

त्या दिवशी दुकानातलं कॅसेट भरायचं मशीन बिघडलेलं. मग धम्मपालभाऊंनी काय केलं? दुकानामागच्या खोलीत दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वर गोधडी टाकली, खिडकी लावली, दाराला चादर लावली. वनितावहिनींना हात जोडून सांगितलं की कॅसेट संपेपर्यंत भांडं आपटू नकोस आणि माझ्याशी बोलू नकोस. वहिनी म्हणतात, लग्नानंतर एवढी शांतता त्यांना पहिल्यांदाच मिळाली.

त्या कॅसेटवर आमचं मंडळ उभं राहिलं. आम्ही दर शुक्रवारी जमायचो. शुक्रवारच का? शुक्रवारी लूम बंद. गावात शांतता, गाणं नीट ऐकू येतं. टेप लावायची, डोळे मिटायचे. डंकनभाऊ एक सूर लावून असे काही थांबायचे की वाटायचं, लाइट गेली की काय. आणि मग तीच तार खालून वर ओढत न्यायचे. अंगावर काटा यायचा. 'टिन चॅपल' मोठा की पुढचा 'फेरीमन्स डॉग' मोठा, यावरून आमच्यात दोन तट पडले. एका सभासदाने दुसऱ्या तटाच्या घरची सोयरीक नाकारली. हे अध्यक्षांना ठाऊक आहे, त्यांनीच मध्ये पडून ते लग्न लावलं.

पण दोन्ही तटांचं एका माणसाबद्दल एकमत होतं. तो म्हणजे 'टिन चॅपल'चा ड्रमर. खटॅक-खट, खटॅक-खट, खटॅक-खट! काय हात! जराही इकडेतिकडे नाही. नाव कोणाला माहीत नव्हतं, कारण कॅसेटचं कव्हर शेठ घेऊन गेले. गिटार थांबली तरी हा थांबत नसे. आणि रसिकहो, गाणं संपायचं, पुढचं सुरू व्हायचं असायचं, त्या दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतसुद्धा हा वाजवतच असायचा! आम्ही माना डोलवायचो. म्हणायचो, निष्ठा याला म्हणतात. बाकीचे चहाला गेले असतील, हा बघा.

धम्मपालभाऊ त्या कॅसेटवरच गिटार शिकले. गुरू नाही, पुस्तक नाही. दुकान बंद केलं की टेप लावायची आणि त्या ड्रमरच्या खटॅक-खटवर बोटं बसवायची. पुढे ते बेंजो पार्टीत वाजवायला लागले. भीमजयंतीला वाजवलं, गणपतीत वाजवलं, गावोगावच्या हळदीला वाजवलं. माझ्या स्वतःच्या हळदीला तेच होते. रात्र चढत आली तशी माणसं दमून खाली बसायला लागली, आणि या गृहस्थांनी हळदीच्या गाण्यात मधेच डंकनभाऊंचा तो लांब तुकडा घुसवला. मला वाटलं, आता माझी बायजाबाई आत्या याला मांडवाबाहेर काढते. गुडघे धरून बसलेली आत्या उठली. पदर खोचला. अशी नाचली, अशी नाचली, की मला नवरदेवाला सोडून सगळे तिच्याकडेच बघत होते. तुकडा संपला तशी ओरडली, "आरं, ता मगाशीचा पुन्ना वाजव! थांबलास कनाला?" तिला डंकन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. आत्ये, हात वर कर. बघा!

मग गेल्या दिवाळीत निशा घरी आली. पोरगी हुशार, पुण्यात नोकरी करते. बापाला खूश करावं म्हणून तिने मोबाइलवर डंकनभाऊंचे सगळे अल्बम शोधले आणि मंडळात मोठ्या स्पीकरवर लावले. नवं, धुतलेलं, पुसलेलं, चकचकीत रेकॉर्डिंग. 'टिन चॅपल' सुरू झाला. आम्ही डोळे मिटले. थोड्या वेळाने एकेकाने उघडले. ड्रमर कुठे गेला?

म्हणजे ड्रम होता. पण हा कोणीतरी वेगळाच, हळू, मधूनच ठोकणारा, सुट्टीवर असल्यासारखा. आमचा माणूस नव्हता. एकजण म्हणाला, "नवीन मालात काटछाट करतात." दुसरा म्हणाला, "त्याचं आणि डंकनभाऊंचं वाजलं असेल, काढून टाकला असेल." मग निशाने बापाची जुनी कॅसेट लावायला सांगितली. ऐकली. आणि म्हणाली, "पप्पा, हा ड्रमर नाहीये. हा लूम आहे."

मंडळी, खोलीमागच्या भिंतीला लागून लूमचं शेड होतं. गोधडी टाकली, चादर लावली, वहिनींना गप्प बसवलं, आणि भिंतीपलीकडचा लूम कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर पूर्ण भरून घेतला! तुम्ही म्हणाल, धम्मपालभाऊंना तेव्हा ऐकू आला नाही? अहो, भिवंडीत जन्मलेल्या माणसाला लूम ऐकू येतो का कधी? बंद पडला तर कळतं. निशाला ऐकू आला, कारण ती पुण्यात राहून बिघडली. आणि आम्ही इतकी वर्षं शुक्रवारी, शांततेत, डोळे मिटून, अंगावर काटा आणून काय ऐकलं? लूम!

आम्ही हसून हसून लोळलो. एकच माणूस हसला नाही. त्यांनी स्पीकर बंद केला, टेप बंद केला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हिरामण, ज्या तालावर मी बोटं बसवली तो ताल त्या गाण्यात नव्हताच रे. डंकनच्या नावावर मी लोकांना भलतंच ऐकवलं. जन्मभर चुकीचं वाजवलं." त्या दिवसापासून त्यांनी गिटारला हात लावलेला नाही. हळदीची बोलावणी आली, नाही म्हणाले. भीमजयंतीला पोरं घरी जाऊन बसली, त्यांनाही नाही म्हणाले. वहिनींनी मला फोन करून सांगितलं, "भाऊजी, घरात लई शांत वाटतं. बरं न्हाय वाटत." आणि आता ही गिटार इथे टेबलावर आली. हा माणूस पुण्याला गिटारशिवाय निघालाय. मला याचं वाईट वाटतं आणि खरं सांगतो, रागही येतो.

आता मंडळाच्या घरातली एक गोष्ट बाहेर काढतो. धम्मपालभाऊ यायचे बंद झाल्यावर आम्ही एका शुक्रवारी बसलो आणि खरे डंकनभाऊ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. दोन्ही अल्बम. संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी मनोजशेठ म्हणाले, "चांगलं आहे." मग दुसरे म्हणाले, "चांगलंच आहे की." तिसरे म्हणाले, "माणूस मोठा आहे." लग्नात भाजी अळणी झाली की व्याह्यांसमोर जसं बोलतात, तसं चाललं होतं. पुढच्या शुक्रवारी रेकॉर्ड लावायला कोणी उठलंच नाही. आम्ही चहा प्यायलो, पावाबरोबर भजी खाल्ली आणि घरी गेलो. त्यानंतर दर शुक्रवारी हेच चाललंय.

अध्यक्ष मॅडम अशाच एका शुक्रवारी शाळेच्या कामाला म्हणून आल्या होत्या. त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि विचारलं, "अहो, मग तुम्ही इतकी वर्षं चाहते होतात तरी कोणाचे?" वर्गात प्रश्न आला की मागच्या बाकावरची पोरं जशी खाली बघतात, तसं आम्ही खाली बघितलं. उत्तर सगळ्यांना येत होतं.

म्हणून आज, डंकन हॉलरॉइड रसिक मंडळाचा चिटणीस या नात्याने, पूर्ण जबाबदारीने जाहीर करतो की या मंडळाला डंकन हॉलरॉइड फारसे आवडत नाहीत. टाळ्या नंतर. डंकनभाऊ थोर आहेत, त्यांचे उपकार आहेत, फोटो राहील, हार चालू राहील. पण डंकनभाऊ माझ्या हळदीला आले नव्हते. माझी आत्या त्यांच्या वाजवण्यावर नाचायला उठली नव्हती. तार त्यांनी ओढली असेल, आमच्या अंगावरचा काटा मात्र धम्मपाल रोकड्यांचा होता. ते जे वाजवतात ते विलायतेत कोणाला येत नाही, खुद्द डंकनभाऊंनाही नाही. त्यांच्या घरामागे कुठे होतं लूमचं शेड?

तेव्हा धम्मपालभाऊ, कालच्या सभेत तुमच्या पाठीमागे ठराव झाला. ही गिटार मंडळ स्वीकारत नाही. शाल घ्या, पुष्पगुच्छ घ्या, पुण्याला सुखाने जा, पण ही घेऊन जा. मनोजशेठ, कपाटात आपण तुमचे गॉगल ठेवू. बल्बही आहेच.

नाही नाही, तुम्ही बसा, उठून माइक घेऊ नका. तुम्ही नाही म्हणणार ते मला ठाऊक आहे. माझी आत्या काय म्हणते ते ऐका, ती मघापासून मला खुणा करतेय. काय गं? मोठ्याने बोल, मागच्यांनाही ऐकू दे.

... ऐकलंत? ती म्हणते, "त्याला सांग, माझे गुडघे अजून हायेत."

आत्याने सभा संपवली, तेव्हा आभार मानतो. अध्यक्षांनी शाळेचं सभागृह मिळवून दिलं, त्यांचे आभार. मनोजशेठनी जेवण दिलं आणि ती कॅसेट दिली, त्यांचे दुहेरी आभार. वहिनींनी त्या दिवशी तोंड बंद ठेवलं आणि यंदा उघडलं, त्यांचे विशेष आभार. निशाने कान उघडले, तिचेही आभार, थोडे कमी. जेवण तयार आहे, पण कोणी उठायचं नाही. वहिनी, त्या गिटारचं कव्हर तुम्हीच काढा, त्यांच्या हातून निघायचं नाही. द्या त्यांच्या मांडीवर. हं.

बोलण्याच्या ओघात माझं काही चुकलं असेल तर लहान समजून पोटात घाला आणि विसरून जा. धम्मपालभाऊ, तुमचं मात्र जे चुकलं, ते आम्हाला पाठ आहे. तसंच वाजवा.