ताईंचा तिसरा प्रयत्न

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे खातेप्रमुख साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या ताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या सहकाऱ्यांनो,

ताई मुदतीआधी नोकरी सोडून वजन उचलायला शिकवणार आहेत. या वयात माणसं काय करतात? डॉक्टरांना गुडघे दाखवतात. ताईंनीही दाखवले. डॉक्टर म्हणाले, बादलीसुद्धा उचलू नका. ताईंनी बादली सोडली आणि वजनाचा दांडा धरला. कॉलेजात त्या तो उचलायच्याच. मधली वर्षं संसार उचलण्यात गेली. त्या प्रकारात स्पर्धा भरत नाहीत.

यजमानांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. "एक स्पर्धा. त्यात एकदा तरी धड उचललंस तर पुढे बघू. नाहीतर दांडा बंद." हल्ली इतकं स्वातंत्र्य कोण देतं हो?

धीर द्यायला आम्ही अख्खं खातं गेलो. नियम सोपा. जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभं राहायचं आणि मुख्य पंचांनी हात खाली केला की मगच ठेवायचा. प्रयत्न तीन. पहिल्यात ताईंची पकड सुटली. दुसऱ्यात त्या ताठ उभ्या राहिल्या. पंचांचा हात अजून वर, आणि ज्यांच्या टेबलावर फाइली मुक्कामाला येतात त्या आमच्या साहेबांना अचानक घाई झाली.

"ताई, ठेवा! ठेवा आता!"

ताईंनी ठेवला. का? अहो, साहेबांचा आवाज आला की हातातलं खाली ठेवून केबिनकडे धावायचं, ही आपल्या खात्याची शिस्त. प्रयत्न बाद.

यजमान माझ्या कानात म्हणाले, "संपलं एकदाचं." आवाजात दुःख असावं, मला ओळखू आलं नाही.

तिसऱ्या प्रयत्नाआधी ताई सरळ आमच्या रांगेशी आल्या. "साहेब, तुम्ही बाहेर जा."

"अहो, मी फक्त..."

"बाहेर."

साहेब गेले. आपल्या खात्यात एखादा आदेश तत्क्षणी अमलात आलेला मी प्रथमच पाहिला.

दांडा उठला. गुडघे थरथरले, जबडा आवळला, पण पाठ वाकली नाही. पंचांनी इतका वेळ लावला की मला वाटलं, हे आपल्याच खात्यातून बदलून गेलेले दिसतात. शेवटी हात खाली आला. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे प्रयत्न मान्य. यजमान? ते खुर्चीवर चढून ओरडत होते, "माझी बायको आहे ती!" जणू दांड्याचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

खात्यातर्फे ताईंना आरामखुर्ची भेट देत आहोत. निवड साहेबांची. ती जिन्यानं वर आणताना आम्हा पुरुषांच्या कमरा गेल्या. खाली नेण्याचं कृपया ताईंनीच बघावं.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं ते पोटात घालावं. साहेबांची क्षमा मात्र मी मागत नाही. त्यांनाच ताईंची मागायची राहिली आहे. हा घ्या माईक, साहेब.