डोलीतलं मागणं

कोंडू : वयनी, हलू नका. दांडा खांद्यावर फिरतोय.

सावित्राबाई : मी कुटं हलते भावजी? मागं तो गोविंदा हसतोय, त्येनं डोली हलतीया.

कोंडू : गोविंदा, हसू नको रं. चढ हाय.

सावित्राबाई : हसू द्या. महिनाभर दवाखान्याचं छत बघितलं. आज घोंगडीत पडल्या पडल्या आभाळ दिसतंय, तर मलाबी हसू येतंय.

चिंगी : आई, पाय सरळ ठेव. प्लास्टर कालच काढलं आहे.

सावित्राबाई : ऐकलंत? ‘काढलं आहे.’ लोणावळ्याच्या शाळेत घातली, तवापासनं आमच्या घरात ‘आहे’ शिरलं.

कोंडू : आता त्ये ‘आहे’ मुंबईला निघालं. उद्याच्याला दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईला सांगायचंय म्हनं, कोंचं शिकायचं त्ये.

सावित्राबाई : मला ठावं हाय.

कोंडू : काय ठावं हाय? दोन वाटा हायेत. एक वाट दोन वर्सांची. पुण्यात ऱ्हायचं, नर्सबाई व्हायचं आन् कामशेतच्या दवाखान्यात यायचं. म्हंजी वाडीवर कुनी आडलं का ही हाये. दुसरी साडेपाच वर्सांची, मुंबईला, डॉक्टर व्हायची. तितं पदवी घेतलेली पोरगी हिकडं कशाला येती?

चिंगी : काका, येणार नाही असं मी कधी म्हटलं?

कोंडू : तू न्हाई म्हनलीस. पर मुंबई म्हनंल.

सावित्राबाई : मुंबईला तोंड हाय व्हय?

कोंडू : वयनी, चेष्टा नका करू. मी तुमच्यासाटीच बोलतोय. दादा गेल्यावर घरात कोन हाय तुमाला? ह्यो पाय पुन्ना घसरला तर?

सावित्राबाई : तुमी हायेत की उचलायला.

कोंडू : मी काय जलमभर खांदा देनार? माजीच डोली निघंल एक दिस.

चिंगी : काका, वाट बघून चाला. दगड आहे.

कोंडू : दिसला. वयनी, आता नीट ऐका. आजून तुमी डोलीत हायेत. डोलीतल्या मानसानं काय मागितलं, तर त्येला न्हाई म्हनायचं न्हाई. आपल्या वाडीत कुनी मोडलं न्हाई हे. घर यायच्या आत मागून घ्या. म्हना, पोरी, जवळचं शिक. हिला न्हाई म्हनता यायचं न्हाई.

चिंगी : काका!

कोंडू : काका काय? खोटं सांगतोय? शिदूला डोलीतनं न्हेताना त्येनं ताक मागितलं, तवा आर्ध्या वाटंवनं माघारी पळालो का न्हाई मी? डोली करवंदीच्या जाळीपाशी टेकवली आन् पळालो.

चिंगी : पळालात. मी होते तिथं.

कोंडू : मग?

चिंगी : रानडुकरानं मांडी फाडली होती त्यांची. घोंगडी भिजून खाली थेंब पडत होते. तुम्ही ताक घेऊन येईपर्यंत मी त्यांचं मनगट धरून बसले होते. नाडी हळू होत गेली. कुठं दाबलं की रक्त थांबतं, मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोंडू : ताक प्याला न्हवं त्यो?

चिंगी : प्यायले.

कोंडू : मग.

सावित्राबाई : भावजी, तिला बोलू द्या.

चिंगी : ताक चुकलं असं मी म्हणत नाही, काका. शिदूमामा हसले होते ताक बघून. पण वाटेवर काय करायचं ते कुणी शिकलेलं असतं, तर ते जिवंत खाली पोचले असते. दवाखान्यात नेल्यावर करायचं सगळं शिकवतात. वाडी ते दवाखाना, या मधल्या वाटेचं शिक्षण कुठं मिळतं, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

कोंडू : काय म्हनल्या?

चिंगी : म्हणाल्या, तसलं कॉलेज त्यांनी तरी अजून ऐकलेलं नाही. दोन वर्षांत सुई टोचायला शिकशील, बाळंतपण करशील. पण रक्त का जातं, श्वास का अडतो, हे मुळापासून शिकायचं असेल तर पदवी घे. मग तुमच्या वाटेचं शिक्षण तूच बसव. तुझ्या काकांनाही शिकव म्हणाल्या.

कोंडू : मला? मी आंगठ्याचा मानूस.

चिंगी : दाबायला आंगठाच लागतो, काका.

सावित्राबाई : बघा, गोविंदा पुन्ना हसला.

कोंडू : हसा समदी. वयनी, तुमी मागताय का न्हाई? त्यो बघा आपला आंबा. दोन खाचरं ऱ्हायली.

सावित्राबाई : मागते.

चिंगी : आई...

सावित्राबाई : भावजी, मला खाली घ्या.

कोंडू : आँ?

सावित्राबाई : डोलीतल्या मानसाला न्हाई म्हनत न्हाईत न्हवं? मग मागितलं मी. खाली घ्या.

कोंडू : आवं, घर आलं की! डॉक्टरीनबाईनं चढाला चालू नका म्हनलंय.

सावित्राबाई : हितनं सपाट हाय. टेकवा.

(डोली बांधावर टेकते. चिंगी आईला हात देऊन उभी करते.)

कोंडू : काय मागायचं आन् काय मागितलंत!

सावित्राबाई : आजून चार पावलं बसले आसते तर त्येच मागितलं आसतं, भावजी. जिभंवर आलतं. महिनाभर रोज राती येत हुतं. ही शाळंवनं दवाखान्यात यायची, पायाशी बसायची, पुस्तक वाचता वाचता तितंच डोकं टेकून झोपायची. मला वाटायचं, पाय जुळूच नये. म्हंजी ही आशीच बसंल.

(कोंडू रिकाम्या डोलीचा दांडा खांद्यावर घेतो.)

सावित्राबाई : तुमी व्हा म्होरं. आमी येतो मागनं.

कोंडू : चल रं गोविंदा. ह्या मायलेकींचं काय खरं न्हाई.

चिंगी : खांद्यावर भार टाक, आई. आणखी टाक. दुखतंय?

सावित्राबाई : दुखतंय की.

चिंगी : मग उद्या मी बाईंना काय सांगू?

सावित्राबाई : मला कशाला इचारतीस? तुला ठावं हाय.

चिंगी : तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

सावित्राबाई : लांबचं सांग.

चिंगी : आई, सुट्टीत येईन मी. दर सुट्टीत.

सावित्राबाई : यशील गं. चिंगे...

चिंगी : काय?

सावित्राबाई : जरा हळू चाल. हितनं घर लय जवळ पडतं.