पाव्हण्यांना दाखवलेलं घर

— पुढल्या दाराकडं नका जाऊ, रावजी पाव्हणं, इकडून या, मागल्या अंगानं. पुढचं दार जड हाय जरा. सागवानी, दोन गड्यांचं काम ते. हां, डोकं वाकवा, उंबरा उंच हाय. गार वाटलं का न्हाय? वाटणारच. भायेर चैताचं ऊन रणरणतंय नि आत आलं की माणूस हिरीत उतरल्यावाणी. दगड, दुसरं काय! हात लावा भिंतीला — लावा हो, दगड काय चावत न्हाय. हातभर रुंद हाय, काळा घडीव दगड, नि चुना असा भरलाय की सुई शिरायची न्हाय. आमच्या दिवेआगरात असं घर दुसरं दाखवा. तुमची लेक इथं सुखात ऱ्हाईल. शकू ना नाव? चांगलं हाय, सुटसुटीत. मोरूला नाव मी अजून सांगितलं न्हाय — लाजतो तो. तिशी उलटली तरी लाजतो. बोर्लीला धाडलाय त्याला, बाजाराला. येईलच.

बसा, झोपाळ्यावर बसा. मी? मी न्हाय, मी भुईवरच बरी. सवय. कड्या बघा, पितळेच्या हायत, चिंच लावून घासल्या की सोन्याला म्हणतील सरक तिकडं. नि वरती ती तावदानं — निळं, तांबडं — सांजच्याला ऊन तिरकं झालं की त्यांचा रंग खाली भुईवर पडतो. केर काढताना माझ्या पायावर येतो. पाय हे असे, भेगाळलेले, नि त्यावर तो निळा, तांबडा... मी उगी उभी ऱ्हाते, केरसुणी हातात तशीच. येडी म्हणा हवं तर. फडताळ? उघडा की — न्हाय न्हाय, ते नको, त्याची चावी मोरूकडं हाय. ह्या कोनाड्यात समई असायची. असते. घासायला काढलीय. ती पल्याडची बाळंतिणीची खोली. तिथं म्हणे एका पिढीत सात पोरं झाली — म्हणे म्हंजे, झालीच, आमचीच. मोरू? मोरू तिथला न्हाय, तो दुसरीकडं झाला. पाव्हणं, तुम्ही लई इचारता बघा!

उठलात का? देवापुढं नारळ ठेवायचाय? ठेवा ना, रीतच हाय, मी कुठं न्हाय म्हणते. मुलीच्या बापानं घरच्या देवाला नारळ ठेवायचा नि मग होकार द्यायचा, आमच्यात बी तेच. पण आधी चहा घ्या. देवघरात अंधार हाय. दिव्यात तेल न्हाय. नि मोरू येऊ द्या, त्याच्या देखत झालेलं बरं — पाव्हणं, थांबा वो, त्या दाराला हात नका...

उघडलंत.

बघा मग. देव न्हाईत. मुंबईला गेले. आगबोटीनं गेले, मालकीणबाईंच्या मांडीवर बसून. मालकीणबाई — बोलून गेले बघा. आता काय झाकायचं ऱ्हायलंय? चूल पेटते त्या घरचे देव मुंबईला जात न्हाईत, हे तुम्हाला बी ठावं नि मला बी. कुळकायदा आला, मालक म्हणाले आता इथं राम न्हाय, नि गेले सगळी. मला ठेवली केर काढायला, दारं उघडायला. ह्या देवघराचा उंबरा मी देव असताना ओलांडला न्हाय, नि आता आत काय न्हाय तरी ओलांडत न्हाय. पायच उचलत न्हाय माझा. तुम्ही बिनघोर गेलात की. तुम्हाला वाटलं, इवायांचं घर.

माझं घर तिकडं, माडांच्या पल्याड. कुडाचं. मागल्या साली दोन बाप येऊन गेले तिथं. एकानं दारातनंच बघितलं नि म्हणाला, पाणी नको. दुसऱ्यानं पाणी घेतलं नि म्हणाला, कळवतो. अजून कळवतोय. तवापास्नं मोरू जेवताना मान वर करत न्हाय. ह्या खेपेला म्हणाला, आये, जे हाय ते दाखव, खोटं नको. म्हणून तर त्याला बोर्लीला धाडला! म्हटलं, एकदा अक्षता पडल्या की कोण बाप पोर परत न्हेतो? तुमच्या शकूचा इचार केला न्हाय मी. देवाशप्पत, न्हाय केला. नि मोरूचा तरी कुठं केला? तुम्ही भिंतीवर हात ठेवून म्हणालात ना, ‘सोनूबाई, घर झोकात हाय तुमचं’ — तुमचं म्हणालात — तवा मोरू माझ्या डोसक्यातच नव्हता. सगळा जल्म घासण्या-पुसण्यात गेला, कुणी कधी तुमचं म्हटलं न्हाय. लई बरं वाटलं वो. एवढ्यासाठी पोराचं वाटोळं केलं मी. तुम्हाला कुडाचं घर चाललं असतं का? सांगू नका. चाललं असतं म्हणालात तर मी काय करू?

नारळ घ्या परत पिशवीत. घ्या, मला राग न्हाय. नि तो बघा, मोरू आला. माडांतनं चाललाय तो. आपल्या कुडाच्या घराकडंच निघालाय, तुम्ही तिथं बसला असाल म्हणून. केस बी ओले करून बसवलेत. पाव्हणं, पाया पडते तुमच्या, त्याला आईनं काय केलं ते सांगू नका. म्हणा, गावात कौल लावला, डावा आला. देव न्हाय म्हणाला म्हटलं की गप ऱ्हाईल तो. देवावर माणूस किती दिवस रुसणार? माझ्यावर रुसला तर मला दुसरं कोण हाय?

मी न्हाय येत. मला दारं लावायचीत. एवढी दारं हायत ह्या घराला... जावा तुम्ही. जावा, तो हाका मारतोय.