जपलेला खांदा

...आणि हे सगळं कशापायी, तर एका खुर्चीपायी! तुम्हाला सांगतो, आमचा दादा न्हावी, स्वतःचं सलून, हात असा हलका की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी. एकदा फरशी पुसायला म्हणून ती जड खुर्ची एकट्याने सरकवली आणि उजव्या खांद्यात चमक भरली. चार दिवसांचं दुखणं हो! पण त्याला चार दिवस एकटं सोडलं कुणी?

मावशी म्हणाली, अजिबात हलवू नकोस. त्याचे सासरे म्हणाले, त्यांच्या एका मित्राचा हात असाच कायमचा गेला... आता हा मित्र कोण, ते त्यांनाही आठवेना! झालं. दादाने हात झोळीत घातला. शर्टाची बटणं वहिनी लावणार, सलून कारागिराच्या हवाली, आणि हा रात्र रात्र कूस न बदलता टक्क जागा. बरं, न हलवलेला खांदा आखडणार नाही तर काय करणार? आखडला की दुखणार, दुखला की हा आणखी जपणार, जपला की आणखी आखडणार... चार दिवसांचं दुखणं हो, वर्ष सरत आलं तरी घरात ठाण मांडून!

त्यात आमचे बाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांची दाढी दादाच करायचा, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालायचा नाही. दाढी छातीला टेकली, पण कारागीर आला की यांचं तोंड भिंतीकडे.

शेवटी वहिनी त्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी खांदा सगळीकडून तपासला आणि म्हणाल्या, इजा केव्हाच भरलीय, पण नसांना धास्तीची सवय लागलीय, मांजर आलं तरी चोर आला म्हणून ओरडतात. हळूहळू हलवा.

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी सोंग करतोय?"

"दुखणं खरंच आहे," बाई म्हणाल्या. "धोका मात्र नाही."

घरी येऊन किती वेळ नुसत्या येरझाऱ्या! मग झोळी काढली, वाटीत पाणी घेतलं, फेस केला आणि बाबांचा वस्तरा उचलला. हात इंच इंच वर नेतोय, कपाळावर घाम, मी आणि वहिनी दाराशी श्वास रोखून... एक गाल झाला. दादा थांबला, डोळ्यांत पाणी.

बाबांनी विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय."

"मलाही. वस्तऱ्याची धार गेलीय. लावून आण, आणि दुसरा गाल कर."