हर्षाताईंचं यंत्र आणि शेठजींचा इन्व्हर्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गेणभाऊ, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, कापडाचे व्यापारी पुनमचंदशेठ, त्यांच्या सूनबाई म्हणजेच आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर हर्षाताई, दवाखान्याचे कर्मचारी आणि ओतूरच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

वक्त्यानं उभं राहून बोलावं, हा सभेचा रिवाज. मी मढचा गोरख, चाकाच्या खुर्चीतून बोलतोय. तेवढा रिवाज आज बाजूला ठेवू.

दोन हजार पाच साली हिरडा काढताना मी झाडावरून पडलो. मणक्याला मार बसला, कमरेखालचं अंग बधिर झालं. पुढं वर्षभर खाटेवर. पडून पडून माकडहाडावर जखम झाली. दुखणं मला कळतच नव्हतं, मग सांगणार कोण? आईला, लंकाबाईला, वास आला तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती.

त्या वासाचं काय सांगू? आई उदबत्ती लावायची. माझी लेक मोहिनी दारातूनच बोलायची. मी जेवण सोडलं. आईला म्हणालो, आता मला कुठं नेऊ नको. तिनं ऐकलं नाही, जीपमध्ये घालून इथं ओतूरला ताईंच्या दवाखान्यात आणलं.

हर्षाताईंनी पट्टी सोडली. मी तोंड फिरवून म्हणालो, "मॅडम, लांब थांबा. लई वास येतोय."

त्या आणखी जवळ आल्या. "वास जखमेला आहे, गोरख. तुला नाही."

त्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

ताईंनी सडलेलं मांस काढलं. जखमेत स्पंज बसवला, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट चिकटवलं आणि त्यातून काढलेली नळी एका यंत्राला जोडली. ते जखमेतली घाण बाटलीत ओढून घ्यायचं. आई म्हणाली, हे तर विहिरीवरच्या मोटारीवानी झालं. ताई हसल्या. म्हणाल्या, तसंच आहे, फक्त इथं उपसलं की आत मांस भरून येतं. प्लॅस्टिकखाली वासही कोंडला. मोहिनी येऊन माझ्या उशाशी बसली.

पण यंत्र विजेवरचं, आणि तेव्हाचं भारनियमन कोण विसरलंय? वीज गेली की ओढ थांबायची, स्पंज फुगायचा, ताईंना सगळं सोडून पुन्हा साधी पट्टी बांधावी लागायची. एकदा असं झालं तेव्हा त्या रात्री त्या घरी जेवल्याच नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीबरोबर चालत पुनमचंदशेठ दवाखान्यात हजर. गाडीवर दुकानातला इन्व्हर्टर. ऐन लग्नसराईत.

ताई म्हणाल्या, "पप्पा, गिऱ्हाईक अंधारात साडी कशी बघेल?"

"दारात नेऊन बघेल," शेठ म्हणाले. "उन्हात रंग खरा कळतो."

शेठजी, आज तुम्ही हसताय. पण वीज गेली की तुमचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरायचं, हे मला वॉर्डातल्या खिडकीतून दिसायचं.

जखम हळूहळू तांबडी झाली, भरत आली. मग ताईंनी पुण्याच्या सर्जनना इथं बोलावून बाजूची कातडी सरकवून शिवून घेतली. पुढं मला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं, तेव्हा आई समोर येऊन नुसती बघत राहिली. म्हणाली, "उंच दिसतोस रं." किती दिवस तिनं मला आडवाच पाहिला होता.

आता ताई पुण्याला डॉक्टरीच्या पोरांना शिकवायला निघाल्या. जाताना मला एक काम सांगून चालल्यात. आमच्या भागात कुणी अंथरुणाला खिळलं की जायचं, त्याची पाठ बघायची, कूस बदलायला लावायची. आमच्या शेजारी भागूबाबा पडून आहेत. मी खुर्चीतून सांगतो, त्यांची सून त्यांना वळवते. ताई, आज सकाळीच त्यांची पाठ पाहिली. कातडी शाबूत आहे.

मला बोलू दिलंत, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला. आणि पंगतीला थांबत नाही म्हणून रागावू नका. भागूबाबांची कूस बदलायची वेळ होत आलीय, सून माझी वाट बघत असेल.