ढोलीचं झाड मी राखलं होतं

आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. बाबा खाणीच्या कामाला म्हणून मुळगाव नावाच्या या खेड्यात आले, मी इथंच वाढलो आणि त्याच कामाला लागलो, फरक एवढाच की बाबा माती उपसायचे आणि मी मातीच्या आधी जायचो, झाडं काढायला. काय सांगू तुम्हाला, खाण वाढवायची ठरली की पहिला मी.

झाडाला हात लावण्याआधी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, ते मीच घालायचो. वरच्या राईत शिरलो तेव्हाही घातलं, बा देवा महाराजा, चूकभूल झाली तर लेकरांची समजून घे, आणि मागून सगळे म्हणाले, व्हय महाराजा.

त्या राईत एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत माडगरूड होतं, तुम्ही धनेश म्हणता ते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून वडा-उंबराची फळं भरवतो. मी मुकादमाला म्हटलं, हे झाड नको, आत बाळंतीण आहे. तो हसला, म्हणाला, तू काय तिची सुईण रे? पण झाड राहिलं. घरी येऊन मोठ्या दिमाखानं सांगितलं. बायकोनं विचारलं, आणि वड, उंबर? म्हटलं, ते काढले. तर म्हणते, मगे तो खातलो काय, तुमचा गाराणा?

राग आला मला. त्या वर्षी पिल्लू उडालं, तेव्हा तिला मुद्दाम नेऊन दाखवलं.

पुढं नर लांब जायला लागला, पार डोंगरापलीकडे, उशिरानं यायचा, कधी एखादंच फळ घेऊन. एका वर्षी मादी लिंपण फोडून मधेच बाहेर आली. आत काय राहिलं ते मी चढून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मग ती दिसेनाशी झाली, नर एकटाच यायचा, ढोलीशी फळ धरून थांबायचा, आणि ते तसंच घेऊन परत जायचा. मग तोही नाही. कुणी मारलं नाही हो त्यांना. बंदूक नाही, फास नाही. आता आमच्या गावात माडगरूड नाही, बेहडा मात्र आहे.

आता काम सुटलं. त्या बेहड्याच्या कडेला उंबर लावलेत, फळं धरतील तेव्हा मी नसेन. लावताना नारळ ठेवला, पण मागणं काही घातलं नाही, म्हटलं, महाराजा, चूक झाली, माझ्याच हातून झाली. मागं माणसं नव्हती, बायकोच तेवढी कळशी घेऊन उभी होती.

ती म्हणाली, व्हय महाराजा.