उज्वला मॅडमच्या तासांची दुसरी प्रत

वैष्णवी : सर, हात काढा बरं माउसवरनं. सारखं बंद-चालू केलं म्हणून कॉम्प्युटरमधलं लिनक्स काही जागा पैदा करून देत नाही.

शेषेराव : अगं, दहाला टेस्ट हाय! पोरं जिन्यात उभी हायत, पालक फोन करून राहिलेत. आन् ही मशीन म्हणती, उत्तरं साठवायला जागाच न्हाई.

वैष्णवी : कुठून असेल? डिस्कचे दोन कप्पे केलेत. पहिल्यात सगळी सिस्टिम आणि उज्वला मॅडमचे रेकॉर्ड केलेले बायोलॉजीचे तास. गच्च. दुसऱ्यात परत तेच तास. तोही गच्च. दुसरी प्रत उडवते, तिथं उत्तरं साठवू.

शेषेराव : खबरदार हात लावशील तर!

वैष्णवी : पहिल्यात आहे ना एक?

शेषेराव : एक नको. भूकंपात किल्लारीचं घर पडलं तवा आमचं सगळं एकाच खोलीत होतं. आईचा एक फोटो न्हाई माझ्याकडं. आठवायला जातो तर मावशीचा चेहरा येतो. उज्वला गेली तवाच ठरवलं, हिचा आवाज दोन ठिकाणी ठेवायचा.

वैष्णवी : मग माझ्या पोर्टेबल डिस्कवर घेते एक प्रत.

शेषेराव : घराबाहेर न्हाई जाऊ द्यायचा. शिकवता शिकवता मधीच मला हाक मारती ती, 'अहो, पंखा बंद करा' म्हणून. ते काय लोकांनी ऐकायचं?

वैष्णवी : पण सर, दोन ठिकाणं कुठं आहेत?

शेषेराव : हे काय, दोन कप्पे दिसून राहिलेत की!

वैष्णवी : दिसतात दोन. आत डिस्क एकच आहे. एका खोलीत मधे भिंत घातली, एवढंच. डिस्क गेली की दोन्ही कप्पे गेले.

शेषेराव : (खुर्चीत बसत) म्हंजे वर्षभर दोन्ही एकाच छताखाली?

वैष्णवी : हो सर.

शेषेराव : आन् मी बिनघोर होतो. लई भ्या वाटून राहिलंय गं आता.

वैष्णवी : पोरं दार वाजवतायत. काय करू?

शेषेराव : घे तुझ्या डिस्कवर. किती वेळ लागंल?

वैष्णवी : अर्धा तास तरी.

शेषेराव : थांबतील पोरं. सगळे तास नीट वाजतेत का बघ, मगच इथली दुसरी उडव. तू राहती कुठं?

वैष्णवी : इथंच, मागच्या गल्लीत हॉस्टेलला. गाव देवणी.

शेषेराव : मागच्या गल्लीत नको. देवणीला नेऊन ठेव. लांब हाय ते.